एक गाणं, पाच जण आणि फॉर्मातले रकाने

सेलूत माझं ऑनलाइनचं दुकान आहे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड, परीक्षांचे फॉर्म, दिवसभर हेच. लोक कागदाला भितात आणि मी त्यांना सांगत असतो, "भ्यायचं काय त्यात, एक एक रकाना भरत जायचं." गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी मिळून एक रॅप गाणं केलं. त्याचे फॉर्म भरताना मीच स्क्रीनसमोर तोंड वासून बसलो होतो. परभणी, हिंगोली, बीडकडच्या किती पोरांच्या वहीत गाणी पडून आहेत मला माहीत आहे. वहीनंतर काय करायचं हे सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितोय.

डिसेंबर 2024 ची गोष्ट. प्रिंटरचा ड्रम आणायला छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. संध्याकाळी कॅनॉटमध्ये पोरं गोल करून उभी होती, सायफर चालू होता. एक जण तोंडानं बीट धरतो आणि बाकीचे आळीपाळीनं आपलं म्हणतात. मीही घुसलो. नांदेडचा एक जण दख्खनीत रॅप करत होता, "कायकू" आणि "नक्को"वर असा थांबायचा की लोक हसता हसता गप्प व्हायचे. आणि धारूर तालुक्यातली एक मुलगी होती. रॅप नाही केला तिनं, चार ओळी गायल्या. आईवडील ऊसतोडीला जातात, ही संभाजीनगरला वसतिगृहात राहून शिकते. नंतर चहा पिताना ती म्हणाली, "लोकांना वाटतं उचल म्हणजे पैसे. आमच्या घरी उचल म्हणजे कॅलेंडर हाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हंगामाआधी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतात ती उचल. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामात उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षावर चढते. गाण्याचं नाव चहाच्या टपरीवरच ठरलं, 'उचल'. सगळ्यांची नावं गाण्याच्या क्रेडिटमध्ये आहेत. इथं मी नांदेडच्या त्या रॅपरला भाई, धारूरच्या मुलीला ताई आणि नंतर आलेल्या दोघांना मास्तर आणि काका म्हणतो, एरवीही तसंच म्हणतो.

मास्तर लातूरचा. क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो आणि रात्री बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, बनवतो. त्याच्याकडं जाण्याआधी मी एक चूक केली ती सांगतो. यूट्यूबवर एक 'टाइप बीट', म्हणजे एखाद्या नावाजलेल्या रॅपरच्या धाटणीचा तयार बीट, आवडला, 'फ्री' लिहिलं होतं, त्यावर माझा पूर्ण व्हर्स, म्हणजे माझ्या वाट्याचं कडवं, लिहून काढला. मग खालचं बारीक अक्षर वाचलं. फुकट म्हणजे कमाई करायची नाही. गाणं रिलीज करायचं तर 30 डॉलरची लीज (वापरायची मर्यादित परवानगी), म्हणजे अडीच हजारांच्या वर, त्यातही स्ट्रीमची मर्यादा, शिवाय तोच बीट आणखी किती जणांना दिलेला असेल पत्ता नाही. बीट घेताना एवढं तरी विचारा: लीज आहे का पूर्ण हक्क, किती स्ट्रीमपर्यंत, आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक मिळणार का. वेगळे ट्रॅक नसतील तर मिक्सिंगवाल्याचे, म्हणजे सगळे आवाज जुळवणाऱ्याचे, हात बांधले जातात. मास्तरनं स्वतःचा नवा बीट करून द्यायचे 6,000 सांगितले, सगळ्या ट्रॅकसकट. जानेवारीच्या शेवटी त्यानं पहिला नमुना पाठवला, 92 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 92 ठोके.

त्यात सुरुवातीला माझ्या वडिलांच्या एका जुन्या कॅसेटमधला भारुडाचा तुकडा टाकायचा होता. मला वाटलं संतांची रचना, कुणाच्या बापाची नाही. ताईनं विचारलं, "रचना जुनी हाय, कॅसेट किती जुनी?" तिथं गाडी अडली. शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे असले तर मोकळे असतात, पण त्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशित झाल्यानंतर 60 वर्षं टिकतो. कॅसेट 1980 च्या दशकातली. उचल नावाच्या गाण्यात उचललेला तुकडा, असं भाई म्हणाला आणि तो विषय संपला. पण बीटमध्ये मातीचं काहीतरी पाहिजे होतं. म्हणून हलगी. म्हणून काका.

काका आमच्याच तालुक्यातले, दुधनेच्या काठच्या गावातले. फेब्रुवारीत त्यांच्याकडं गेलो तर म्हणाले, "आता नगं. जयंती होऊ द्या, लगीनसराई होऊ द्या, मग या." हलगीवाल्याला एप्रिलमध्ये पकडायचा विचारच चूक होता. 14 एप्रिलपासून पुढं त्यांचा एक दिवस मोकळा नसतो. म्हणजे तीन महिने थांबणं आलं.

या तीन महिन्यांत गाण्यापेक्षा अवघड काम झालं, वाटण्याचं. मास्तर म्हणाला बीट बनवणाऱ्याचा निम्मा हिस्सा असतो, हिपहॉपमध्ये अशीच पद्धत आहे. ते खरंही आहे. भाई म्हणाला, "सबका बराबर, हिसाब खतम." मी मध्येच बोललो की गाण्याची कल्पना ताईची आहे. मास्तरनं ते मनाला लावून घेतलं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर अकरा दिवस कुणी काही लिहिलं नाही. मी रोज दुकान बंद करताना ग्रुप उघडून बघायचो. दोन निळ्या खुणा आणि सामसूम. एक रुपयाही आला नव्हता आणि आम्ही भाऊबंदकी करत बसलो होतो, धुऱ्यावरून भांडावं तसं.

सोडवलं ताईनं. तिनं वहीच्या पानाचा फोटो टाकला, त्यावर दोन चौकटी. एकीत 'गाणं', म्हणजे शब्द आणि चाल. दुसरीत 'रेकॉर्डिंग', म्हणजे आपण ऐकतो ती फाइल. हे दोन वेगळे हक्क आहेत, आणि आम्ही दोन्ही एकत्र करून भांडत होतो. गाण्यात चालीला 50, शब्दांना 50. चालीतले 35 मास्तरचे, 15 ताईचे, कारण हूकची, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळींची, चाल तिची. शब्दांत माझे 18, भाई आणि ताईचे 16-16. रेकॉर्डिंगमध्ये आम्हा चौघांचे 22-22 आणि काकांचे 12. मास्तरला बीटचे 6,000 आधी द्यायचे, बाकी खर्च आम्ही तिघांनी वाटून घ्यायचा. अर्ध्या तासात मास्तरचा अंगठा आला. तुम्हीही हे दोन तक्ते पहिल्या आठवड्यात करा, हूक आवडायच्या आत. एकदा गाणं आवडलं की प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसतो.

रेकॉर्डिंग मार्चमध्ये सुरू झालं. तेव्हा रोजे चालू होते. दिवसभर पाणी नाही, त्या गळ्यानं भाईनं रॅप करायचा म्हणजे अन्याय. मी संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो आणि तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, उरकून तो साडेदहाला स्टुडिओत आला. तासाला 600, दोन तास, 1,200. पोरगं घरून 40 वेळा म्हणून आलं होतं म्हणून दोन तासांत भागलं. मीटर चालू असताना ओळी बदलत बसलात तर संपलात. ताईनं आधी वसतिगृहातून मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं. मागं कुकरची शिट्टी, ती काही निघेना. मग तिनं संभाजीनगरला स्टुडिओ घेतला, तीन तासांचे 2,100.

मी मात्र दुकानाच्या मागच्या खोलीत केलं. माइक आणि तो कॉम्प्युटरला जोडायचा इंटरफेस ओळखीच्या एकाकडून आणले. खोली घुमत होती म्हणून आईच्या पाच गोधड्या दोरीवर टाकल्या, दोन पाठीमागं, दोन बाजूंना, एक डोक्यावर. पंखा बंद, कूलर बंद, बाहेर चाळीसच्या पुढं. प्रत्येक टेकला बनियन पिळायची वेळ. स्टेशन जवळ असल्यामुळं मालगाडी गेली की थांबायचं. पण सांगतो, महागड्या फोमपेक्षा जुन्या लुगड्यांची जाड गोधडी कमी नाही. आवाज इतका कोरडा आला की मिक्सिंगवाल्यानं विचारलं कुठल्या स्टुडिओत केलं.

काकांचा मुहूर्त लागला 22 मे 2025 ला. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला होता त्या वर्षी. ओल्या हवेत हलगीचं कातडं सैल पडतं. काकांनी गोठ्याच्या कडेला पाचट पेटवलं, हलगी जाळावर धरून फिरवायला लागले, मध्येच बोटानं टिचकी मारून ऐकायचे. आधी 'ढप' यायचं. मग 'ढण'. मग एकदम काच फुटल्यासारखं 'टण' आलं आणि ते म्हणाले, "हां, आता बोलायली." तीनचार मिनिटंच. तेवढ्यात टेक घ्यायचा, ती उतरली की पुन्हा जाळ. मी माइक दोन फुटांवर लावला होता. पहिल्या ठोक्याला मीटर लाल. पाच फुटांवर नेला, गेन, म्हणजे माइकचा आवाज, निम्म्यावर आणला, तेव्हा जमलं.

खरी पंचाईत क्लिकची, म्हणजे ताल धरायला लावतात त्या टिकटिकीची, झाली. हेडफोनमधली टिकटिक ऐकून काका म्हणाले, "हे काय घड्याळ हाय का? मी घड्याळावर कशाला वाजवू?" त्यांचा ठेका सहाच्या अंगानं झुलणारा, मास्तरचा बीट सरळ चाराचा. तासभर जुळेना. शेवटी हेडफोन काढले. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो आणि माझा व्हर्स नुसता म्हणायला लागलो, मांडीवर थाप देत. ते माझ्या तोंडाकडं बघून वाजवत गेले. त्यातले सोळा ठोके मास्तरनं कापून बीटमध्ये बसवले, थोडे मागं ओढलेले, जसे होते तसेच. गाण्यात लोकांना जे आवडतं ते हेच, किंचित मागं पडणं.

त्याच दिवशी करारावर सह्या घेतल्या. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणं हक्क दुसऱ्याला सोपवायचे तर लेखी आणि सही केलेलं लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून मुदत लिहा, 'संपूर्ण जग' लिहा, वाटे लिहा, गाणं काढून टाकायचं झालं तर कुणाकुणाची संमती लागेल ते लिहा. आणि वितरकाच्या खात्याचं लॉगिन कुणाकडं राहील हेही. ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा स्टॅम्प चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. नोटरीचे 300. एकूण 800.

काकांनी स्टॅम्पपेपर पाहिला आणि हलगी खाली ठेवली. "ह्यात माझ्या रानाचं काही नाही ना?"

मी म्हटलं, नाही काका, गाण्याचं आहे.

"गाण्याला कशाला सरकारी कागद?"

मी सगळं वाचून दाखवलं, दोनदा. तरी त्यांनी मुलाला रानातून बोलावून घेतलं, त्याला वाचायला लावलं, आणि मग सही केली, एक एक अक्षर काढत. मला आधी वाईट वाटलं. नंतर वाटलं बरोबर आहे त्यांचं. आयुष्यात ज्या कागदावर सही केली त्यानं काहीतरी गेलंच असेल. वाजवायचे 3,000 रोख त्यांना तिथंच दिले, 12 टक्के वेगळे. त्या दिवशीचं चहापाणी आणि जेवण 450.

जून-जुलै मिक्सिंगमध्ये गेले. पुण्यातला एक जण, 8,000 मध्ये मिक्स आणि मास्टर, तीन दुरुस्त्यांसह. चौथ्या दुरुस्तीचे 800 वेगळे, आणि ती आम्हाला लागलीच. कारण सांगतो. हेडफोनवर गाणं जबरदस्त वाटत होतं. मग चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर लावलं. ट्रॅक्टरचा एकच स्पीकर चालू होता. हूकमागं ताईचे दोन आवाज डावी-उजवीकडं पसरलेले होते, त्यातला एक जवळपास गायब. मोबाइलवर लावलं तर 808 चा, म्हणजे ड्रम मशीनचा घुमणारा, बेसच नाही, छोट्या स्पीकरला तेवढा खालचा सूर पेलत नाही. मिक्सिंगवाल्यानं बेसला थोडी खरखर चढवली म्हणजे मोबाइलवरही तो जाणवायला लागला, आणि ताईचा आवाज मध्ये आणला. ज्यांच्यासाठी गाणं आहे ते लोक ट्रॅक्टरवर आणि मोबाइलवरच ऐकणार, मग तपासायचंही तिथंच. आणि "अजून जोरात कर" म्हणून त्याच्या मागं लागू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं माप) पातळीवर आणून वाजवतं. ठासून भरलेलं गाणं तिथं उलट चपटं वाटतं.

कव्हर एका मित्राच्या मित्राकडून, 1,500. आता माझं खास क्षेत्र, फॉर्म.

गाणं सगळ्या ॲपवर जायला मध्ये वितरक लागतो. वर्षाच्या वर्गणीचे 2,000 भरले. वर्गणी थांबवली तर गाणं राहतं का जातं, हे भरायच्या आधी वाचा. 18 ऑगस्टला अपलोड केलं. डब्ल्यूएव्ही फाइल, 3000 बाय 3000 पिक्सेलचं कव्हर. आयएसआरसी वितरकच देतो. हा बारा अक्षर-आकड्यांचा नंबर म्हणजे त्या रेकॉर्डिंगचं आधारकार्ड समजा. उद्या वितरक बदलला तरी हाच नंबर द्यायचा, म्हणजे जुने प्ले तुटत नाहीत. मी तो वहीत लिहून ठेवलाय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पहिला नकार आला. कव्हरवर आमचा इन्स्टाग्रामचा पत्ता छापला होता, ते चालत नाही. दुरुस्त केलं. 1 सप्टेंबरला दुसरा नकार. गाण्याच्या नावाच्या रकान्यातच मी सोबतच्या कलाकारांची नावं घुसडली होती. ती वेगळ्या रकान्यात टाकायची असतात, मुख्य कलाकार कोण आणि सहकलाकार कोण ते निवडून. दिवसभर मी लोकांना ओरडतो, "आडनाव आडनावाच्याच रकान्यात टाका हो." असो.

एका रकान्यावर मी खूप वेळ अडकलो. गाण्याची भाषा. यादीत मराठी होती, हिंदी, उर्दू होती. दख्खनी नव्हती. भाईला फोन केला. म्हणाला, "मराठीच टाक रे. हमकू तो कोई खाना नहीं रहता." हसत म्हणाला तो, पण मी ते अजून विसरलो नाही.

11 सप्टेंबरला मंजुरी आली. खरं तर आम्हाला 17 सप्टेंबर पाहिजे होता, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. दोन नकारांनी तो हुकला. 2015 पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी काढायची रीत आहे, म्हणून 26 सप्टेंबर ठरवला. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी त्यांच्याकडच्या कलाकाराच्या खात्यातून पाठवावं लागतं, 500 अक्षरांत. उचल म्हणजे काय ते 500 अक्षरांत लिहायला मला दोन रात्री लागल्या.

आणि मग पाऊस झाला. सप्टेंबर 2025 चा शेवटचा आठवडा इथं कुणाला सांगायला नको. बीड, धाराशिव, जालना, परभणी, सगळीकडं पाणी. सोयाबीन गेलं, काही ठिकाणी मातीच खरवडून गेली. काकांच्या घरात दुधनेचं पाणी शिरलं. हलगी त्यांनी आधी आढ्याला टांगली होती, धान्य भिजलं. धारूरकडं ताईच्या घरचा फोन दोन दिवस लागत नव्हता. 23 तारखेला मी ग्रुपवर लिहिलं की या शुक्रवारी "आमचं गाणं ऐका" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कुणीही वाद घातला नाही. वितरकाला कळवलं, तारीख 10 ऑक्टोबर केली. तारीख बदलल्यामुळं ते 500 अक्षरांचं काम वाया गेलं, पुन्हा पाठवलं, आणि संपादकांनी काही घेतलं नाही. पुढचे दहाबारा दिवस दुकानात मदतीच्या याद्या, ई-केवायसी, फार्मर आयडी. चिखलाच्या पायांनी लोक यायचे. गाणं आठवलंसुद्धा नाही.

10 ऑक्टोबरच्या रात्री बारा वाजता चौघं फोनवर होतो. बारा वाजले, गाणं आलं, आणि काहीच झालं नाही. आपल्याला वाटतं काहीतरी होईल. पहिल्या तासात 19 प्ले, त्यातले आमचेच किती देव जाणे. सकाळी भाईचा फोन. त्याच्याच नावाचा एक गायक पंजाबात आहे आणि गाणं त्याच्या पानावर गेलं होतं! त्या दिवशी आमचे सगळ्यात जास्त श्रोते लुधियानाचे होते. त्यांनी दख्खनी ऐकून काय समजून घेतलं असेल कुणास ठाऊक. वितरकाचा एक दुरुस्तीचा फॉर्म असतो, तो भरून सहा दिवसांत गाणं भाईच्या पानावर आलं. रॅपचं नाव ठेवायच्या आधी ते सगळ्या ॲपवर शोधून बघा.

तिसऱ्या दिवशी यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा आला. पोटात गोळा. झालं असं होतं की मास्तरनं बीटमध्ये बासरीचा एक छोटा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, सॅम्पल पॅकमधून (तयार तुकड्यांच्या संचातून) घेतला होता, रीतसर विकत. तोच लूप परदेशातल्या दुसऱ्या कुणीतरी वापरून आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या सारखे आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं होतं, आणि मशीनला वाटलं आम्ही चोरलं. मास्तरनं लायसन्सची पीडीएफ जपून ठेवली होती, तीच जोडून हरकत घेतली. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. नवव्या दिवशी दावा सुटला. अशा लूपवरचं आपलं गाणंही कंटेंट आयडीत नोंदवायचं नसतं, नाहीतर आपणच दुसऱ्याच्या पोटात गोळा आणतो. वितरकाच्या फॉर्मात त्यासाठी केलेली खूण मी काढून टाकली.

शब्दांची कॉपीराइट नोंदणीही केली, ऑनलाइन, फॉर्म 14, फी 500. चालीचे तेवढेच लागतात आणि ध्वनिमुद्रणाचे 2,000, ते आम्ही सध्या सोडले. डायरी नंबर येतो, मग हरकतींसाठी 30 दिवसांची वाट, मग तपासणी. कायद्यानं हक्क लिहिल्या क्षणापासूनच असतो, नोंदणी ही पुराव्यासाठी. प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. शब्द आणि चालीचे पैसे वितरकाकडून येत नाहीत, त्यासाठी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची 1969 पासूनची संस्था आहे. तिथल्या सदस्यत्वाचे कागद आम्ही चौघं आता जमवतोय, मास्तर कालच म्हणाला त्याचा रद्द केलेला चेक सापडत नाही.

खर्च मोजला. वर लिहिलंय त्यात प्रवासाचे 1,850 धरून एकूण 28,200. तिघांत प्रत्येकी 9,400. माझे तीन महिन्यांत जमवलेले होते, भाईनं हप्त्यानं दिले, ताईनं स्कॉलरशिपमधून. तिला मी नको म्हणत होतो, ती म्हणाली मग माझे 22 पण नकोत का.

ताईचे आईवडील दिवाळीनंतर कारखान्याला गेले. ट्रॅक्टरवर सामान चढवताना टोळीतल्या एका पोरानं गाणं लावलं होतं, तिनं त्याचा व्हिडिओ पाठवला. वीसेक सेकंदांचा. ताडपत्री, हंडे, कोंबड्यांची डाली, आणि मागं बारीक आवाजात तिचाच हूक. तिची आई कॅमेऱ्याकडं बघत नाही, दोरी आवळत राहते.

स्पॉटिफायवर 2024 पासून नियम आहे, मागच्या बारा महिन्यांत 1,000 स्ट्रीम झाल्याशिवाय गाण्याला पैसेच लागत नाहीत. आम्ही डिसेंबरमध्ये हजार ओलांडले. जानेवारी 2026 मध्ये पहिला हिशोब आला, सगळ्या ॲपचा मिळून 386 रुपये. खात्यातून काढता येण्याइतके नव्हतेच. पण काकांचा वाटा मी खिशातून द्यायचं ठरवलं. 386 चे 12 टक्के, 46 रुपये 32 पैसे.

गावात गेलो तेव्हा ते घराच्या भिंतीला पोतारा देत होते. पुराची रेघ अजून दिसत होती, कंबरेएवढी. मी पन्नासची नोट पुढं केली आणि हिशोबाचं प्रिंट दाखवलं. त्यांनी हात धोतराला पुसले, नोट घेतली, प्रिंट मुलाकडं दिलं.

"ही उचल का मजुरी?"

मी म्हटलं, मजुरी.

ते आत गेले, आणि डब्यातून चार रुपये आणून माझ्या हातावर ठेवले.